पुढच्या सीटवरचं ‘हं’

“सर, गोष्ट सांगणाऱ्याला मार्क आहेत, ती रेकॉर्ड करणाऱ्याला आहेत, मग नुसतं ‘हं’ म्हणणाऱ्याला किती मार्क?”

हा प्रश्न मी विचारला. मी म्हणजे राखी भोये, इयत्ता नववी. आणि तोही शाळेत नाही, नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजच्या सभागृहात, उभी राहून, हातात माईक घेऊन. माझ्या डावीकडे चैताली बसली होती, उजवीकडे राज. दोघंही माझ्याच वर्गातले आणि दोघांनीच मला पैज लावून उठवलं होतं.

“तू नाही विचारणार,” चैताली कानात म्हणाली होती. “विचारलंस ना, तर उद्यापासून तुला कुणी म्यूट म्हणणार नाही. मी वर्गात जाहीर करीन.”

“मी फळ्यावर लिहीन,” राज म्हणाला. “पण ही विचारतेय कसली.”

म्यूट हे माझं वर्गातलं नाव. चौथीत शाळा मोबाईलवर भरायची तेव्हा माझा माईक कायम बंद असायचा. कारण घरी आम्ही सुरगाण्याकडची बोली बोलतो, आणि एकदा बाईंना उत्तर देताना तोंडातून घरचाच शब्द निघाला, तर सगळ्या चौकोनांमधली तोंडं एकदम हसली. मी माईक बंद केला तो केलाच. पुढे शाळा खरीखुरी सुरू झाली, बाकं आली, डबे आले, पण माझं नाव तेच राहिलं. बाई काही विचारायच्या, मी मान हलवायचे. हो असलं तरी मान, नाही असलं तरी मान, फक्त दिशा वेगळी. मानेवर सगळं भागतं हे मला फार लवकर कळलं होतं.

तर ती मी त्या दिवशी माईक हातात घेऊन उभी होते. का, ते सांगायचं तर उज्वलाताईपासून सुरुवात करायला हवी.

उज्वलाताई आमच्या बिल्डिंगमध्ये आमच्या बरोबर वरच्या घरात राहते. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, पत्रकारिता आणि रेडिओ असा काहीतरी तिचा विषय. तिला ऑडिओचं प्रोजेक्ट होतं, शंभर मार्कांचं. आठ ते दहा मिनिटांचा कार्यक्रम करायचा. रेकॉर्डिंग स्वतःच केलेलं हवं, बोलणारा माणूस खरा हवा, कुणाचं तयार संगीत वापरायचं नाही, आणि डोळे मिटून ऐकलं तरी ती जागा कोणती ते समजायला हवं. विषयाला वीस मार्क, रेकॉर्डिंगला तीस, एडिटिंगला तीस, आणि तुम्ही जे केलं ते तसंच का केलं याच्या लेखी टिपणाला वीस. शिवाय एक नियम जाड अक्षरात होता: एकाच्या बोलण्यावर दुसऱ्याचा आवाज चढता कामा नये, चढला तर मार्क कापले जातील.

ज्यांना ए ग्रेड मिळेल फक्त त्यांचीच नावं पुण्याच्या एका रेडिओ केंद्रातल्या प्रशिक्षणासाठी जाणार होती. मागच्या सेमिस्टरला ताईला बी होता. तिच्या दादाचं म्हणणं होतं की कानाला हेडफोन लावून कुणाचं पोट भरत नाही, आता बी.एड.चा फॉर्म भर. ताईने त्याला सांगितलं होतं, “ए आला नाही तर भरते.” म्हणजे एका अक्षरावर तिचं सगळं अडकलं होतं.

“राखी, तुझ्या ओळखीत कुणी मस्त बोलणारं आहे का गं?” ताईने मला जिन्यात विचारलं.

मी मान हलवली. मग वाटलं की ही मान पुरेशी नाही, म्हणून म्हटलं, “मंगळूमामा.”

मंगळूमामा आईचा सख्खा भाऊ. सुरगाण्याहून जीप चालवतो. द्राक्षांच्या हंगामात तिकडची माणसं दिंडोरीकडच्या बागांत कामाला येतात, त्यांना पहाटे घेऊन निघायचं, बागांवर सोडायचं, मग पुढे नाशिक, आणि संध्याकाळी सगळ्यांना गोळा करून परत. एवढ्या पहाटे स्टिअरिंगवर झोप येते. मामाने त्यावर उपाय काढला आहे. तो गोष्टी सांगतो. आणि त्याचा नियम असा की पुढच्या सीटवर जो बसेल त्याने हं म्हणायचं. हं बंद पडलं की मामा समजतो, हा झोपला, आता आपणही झोपणार. मग तो त्याला मागे पाठवतो आणि दुसऱ्याला पुढे बोलावतो. पुढची सीट मिळते म्हणून खूश होऊन कुणी बसलं तरी ते फुकट नसतं.

लहानपणापासून प्रत्येक सुट्टीत ती सीट माझी. वर्गात म्यूट असलेली मी तिथे मात्र कधी बंद पडले नाही.

ताई हे ऐकून जिन्यातच खाली बसली. “हाच विषय,” म्हणाली.

पहिलं रेकॉर्डिंग ताईच्या घरी झालं. तिने खिडक्यांना गोधड्या लावल्या, पंखा बंद केला, फ्रिजची घरघर नको म्हणून फ्रिजही बंद केला. मामा नाशिकला आला होता, तो पांढरा शर्ट घालून वर आला आणि डॉक्टर सुई भरताना पेशंट जसा बघतो तसा माईककडे बघत बसला. मला ताईने तोंडावर बोट ठेवून दाखवलं. एक आवाज नाही, जाड अक्षरातला नियम.

“एका गावाला लग्न होतं,” मामा म्हणाला.

शांतता.

“वराड नदीवर आलं.” तो थांबला. “राखे, हायेस ना?”

मी जोरात मान हलवली. ताईनेही हलवली. पण मामाची नजर समोरच्या भिंतीवर. इतकी वर्षं रस्त्याकडे बघत गोष्टी सांगितलेला माणूस, तो ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघतच नाही. मान हलवलेली त्याच्या हिशोबात धरतच नाहीत.

“तर आलं वराड. नदी वलांडली. लगीन लागलं,” मामा म्हणाला. “झाली गोष्ट.”

“मामा, एवढीच?” ताई म्हणाली. “राखी तर म्हणाली, वणीपासून बोरगावपर्यंत पुरते.”

“पुरती, लय पुरती. पन इथं कोन जागं हाय तेच कळंना, मग मी कुनाला सांगू?” मामाने कपाळ पुसलं. “आनि पंखा लाव बाय आता, उकडून मरायची पाळी आली.”

ताईने पंखा लावला. फ्रिज लावायला मात्र आम्ही दोघी विसरलो. संध्याकाळी ताईच्या आईने इडलीचं पीठ काढलं तर ते पातेलं सोडून खालच्या भाजीच्या कप्प्यात उतरलं होतं. काकूंनी विचारलं, “तुमच्या प्रोजेक्टला साफसफाईचे मार्क आहेत का?”

मग ताईने ठरवलं की रेकॉर्डिंग जीपमध्येच करायचं. जागा समजायला हवी हा नियम होताच की. संध्याकाळच्या परतीच्या फेरीला तिने मामाच्या शर्टाच्या खिशाला छोटा माईक लावला आणि स्वतः मागे बागेच्या बायकांमध्ये रेकॉर्डर मांडीवर घेऊन बसली. मी पुढे. घाट सुरू झाला आणि मामाने तीच गोष्ट काढली.

“एका गावाला लग्न होतं.”

“हं.”

“वराड नदी वलांडत होतं, तं वाजंत्र्याचा ढोल गेला व्हावून.”

“हं?”

“गेला तं गेला, पन नदी त्याला काय सोडंना. दगडावर आपटला की धूम. वळनावर आपटला की धूम धूम.”

“हंऽ.”

खालच्या गावातल्या लोकांना वाटलं, वऱ्हाड येतंय. तिथल्या बाया नवी लुगडी नेसून काठावर आल्या. ढोल तर पुढे गेला. त्याच्या खालच्या गावाला वाटलं, आपल्याकडेच येतंय, त्यांनी भात शिजत टाकला. असं करत ढोल गावागावाला नटवत गेला. शेवटी सगळी गावं ढोलाच्या मागे चालत एका डोहापाशी जमली आणि प्रत्येक जण दुसऱ्याला विचारायला लागला, नवरी तुमची का? कुणाचीच नव्हती. एवढा भात, एवढी माणसं, आणि लग्नच नाही. मग एक म्हातारा म्हणाला, पोरं हायत ना, पोरी हायत ना, इचारा त्यांना. त्या दिवशी त्या डोहावर सात लग्नं लागली.

“आनि ज्याचं खरं लगीन होतं तो?” मागून एका बाईने विचारलं.

“तो बसला वर ढोल शोधत,” मामा म्हणाला, आणि अख्खी जीप हसली. मी जे हं म्हटलं ते तर मला स्वतःलाच ऐकू आलं, इतकं मोठं होतं.

ताई आनंदाने वेडी झाली. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी मी वर गेले तर ती कॉम्प्युटरसमोर डोकं धरून बसलेली.

“तुझं हं,” ती म्हणाली. “सगळीकडे आहे. प्रत्येक वाक्याच्या शेपटावर चढलंय. हे असंच दिलं तर मार्क जाणार.”

“काढून टाक ना मग,” मी म्हटलं. मला फारच लाज वाटली. आयुष्यात एकदा आवाज काढला आणि तोही दुसऱ्याचं नुकसान करायला.

ताईने एकेक हं काढलं. पण माझं हं एकटं नव्हतं, त्याच्या मागे इंजिन होतं. हं गेलं की इंजिनही तेवढ्यापुरतं गेलं. ऐकलं तर जीपला उचक्या लागल्यासारखं वाटत होतं. मग तिने नुसत्या इंजिनचा आवाज शोधून ती भोकं बुजवली. त्यात तिच्या दोन रात्री गेल्या. आता सगळं स्वच्छ होतं. नियमात बसत होतं.

आम्ही ते मामाला ऐकवलं, स्टँडजवळ, जीपच्या बॉनेटवर मोबाईल ठेवून. मामा ऐकता ऐकता गंभीर झाला.

“ह्यो एकलाच बोलतोय,” तो म्हणाला. “ह्याच्या गाडीत बसू नका गं पोरींनो. झोपंल.”

 येताना रिक्षात ताई बाहेर बघत होती. बिल्डिंग आली तेव्हा म्हणाली, “तुझे सगळे हं मी परत घालणार आहे.”

“ताई, नको. मार्क जातील. पुणं जाईल.”

“जाऊ दे.”

“दादा बी.एड.चा फॉर्म आणून ठेवेल.”

“त्याने आणूनच ठेवलाय,” ताई म्हणाली. “पण बघ ना राखी, तू हं म्हणतेस म्हणून ते पुढचं वाक्य येतं. मी आधीचं ठेवलं, पुढचं ठेवलं, आणि ज्याच्यामुळे ते आलं तेच काढलं. असलं खोटं काम देऊन ए मिळवला तर मी पुण्याला जाऊन काय करू?”

मला त्या दिवशी घरी येऊन रडू आलं. वाईट वाटून नाही. माझ्या आवाजासाठी कुणी स्वतःचं काही पणाला लावेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

आणि मग तो ऐकवण्याचा दिवस. कॉलेजने सगळ्यांना बोलावलं होतं, घरच्यांना, मित्रांना. मामा जीप धुऊन आला होता. ताईचा कार्यक्रम लागला. अंधारलेल्या सभागृहात घाटातला हॉर्न वाजला, इंजिन घुमलं, आणि माझं हं माझ्याच डोक्यावरून फिरलं. मी खुर्चीत खाली खाली सरकत होते. चैताली माझ्याकडे वळून बघत राहिली. “ही तू?” ती म्हणाली. “तुला आवाज आहे?”

दिवे लागले. देवरे सर ताईला शिकवतात. त्यांनी चष्मा वर केला. शेजारी बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम होत्या.

“उज्वला, काम चांगलं आहे,” सर म्हणाले. “पण ऐकणाऱ्याचा आवाज सतत बोलणाऱ्यावर येतोय. तुला नियम माहीत होता.”

“हो सर. ते मी, म्हणजे टिपणात, ते मुद्दाम,” ताई बोलायला लागली आणि अडकली. कागद तिच्या हातात होता, त्यात सगळं नीट लिहिलं होतं, पण तिला एक ओळ वाचता येईना. मी ताईला असं कधीच पाहिलं नव्हतं. अडकणं हे माझं काम होतं.

सर म्हणाले, “कुणाला काही विचारायचंय?” तेव्हाच चैतालीने पैज लावली, राजने ती वाढवली, आणि मी उभी राहिले. खरं सांगू, पैज नसती तरी मी उठले असते का ते मला माहीत नाही. म्हणून त्या दोघांचेही आभार.

तर, नुसतं हं म्हणणाऱ्याला किती मार्क?

“शून्य,” सर म्हणाले. “तसा रकानाच नाही.” सगळे हसले. मी बसणार तेवढ्यात परीक्षक मॅडमनी विचारलं, “ते हं तुझं का गं?”

“हो.”

“इथे म्हणून दाखवशील? सर, तुम्ही काहीतरी सांगा हिला.”

“मी काय सांगू,” सर म्हणाले. “माझ्याकडे काही गोष्टबिष्ट नाही. सकाळी घरून निघालो.”

“हं,” मी म्हटलं.

“निघालो तर स्कूटर सुरू होईना.”

“हं?”

“म्हणजे पेट्रोल होतं. किल्लीच लागेना. बघतो तर कपाटाची किल्ली घेऊन आलेलो.”

“हंऽ.”

“आता परत वर जायचं तर पंचाईत. कारण आमच्या सौभाग्यवती सकाळपासून बोलत नव्हत्या.”

“हं?”

“कारण काल आमच्या लग्नाचा वाढदिवस होता आणि मी विसरलो. तर मी वर गेलोच नाही. जिन्याखाली उभा राहिलो. म्हटलं शेजारचा कुणी निघाला तर त्याच्यामागे बसून यावं.”

“हं, मग?”

“मग काय, दुधवाला भेटला. मी इथे दुधवाल्याच्या,” आणि सर थांबले. सभागृहात हशा फुटला होता. मुलं पुढच्या खुर्च्यांवर हात मारत होती. मामा सगळ्यात मागे उभा राहून डोळे पुसत हसत होता. सर लालेलाल झाले. मग तेही हसले.

“मी हे का सांगत बसलो?” ते म्हणाले.

“हिने सांगायला लावलं,” मॅडम म्हणाल्या. “दुसऱ्याचा आवाज मध्ये येऊ नये हा नियम अडथळ्यासाठी आहे, सर. हा अडथळा आहे का?”

सरांनी मार्कांचा कागद पुढे ओढला. “हं म्हणण्याचा रकाना नाही तो नाहीच,” ते म्हणाले. “पण कापायच्या रकान्यात मी काही लिहीत नाही. हॉर्नला मात्र आवाज फाटलाय, उज्वला, त्याचे जाणार.”

“चालेल सर,” ताई म्हणाली. तिचा आवाज परत आला होता.

हॉर्नचे मार्क गेलेच. तरी ए आला, अगदी काठावरचा. ताईने निकाल बघितल्यावर आधी माझं दार वाजवलं, मग स्वतःच्या घरी गेली. दादाने बी.एड.चा फॉर्म परत नेला म्हणे, आणि पुण्याला राहायची सोय कुठे होते तेही तोच विचारतोय. चैतालीने वर्गात खरंच जाहीर केलं. राजने फळ्यावर लिहिलं, ‘राखीचा माईक सुरू आहे’, आणि बाईंनी ते पुसायच्या आधी वाचून माझ्याकडे बघितलं.

पण माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट आहे ती कार्यक्रमाच्या शेवटची. मी ती नंतर कितीदा ऐकली. इंजिन बंद होतं, आणि ताईचा आवाज येतो: “गोष्ट, मंगळू गावित. पुढच्या सीटवर, राखी भोये.” एवढंच. तिने माझं नाव मामाच्या शेजारी बसवलं होतं, आणि तेव्हा तिला वाटत होतं की त्याच नावामुळे आपले मार्क जाणार. मामा आता ते रेकॉर्डिंग जीपमध्ये लावतो. मागचे लोक त्यालाही हं म्हणतात, आणि म्हणे मामा स्वतःसुद्धा.

परवा जेवताना पप्पांनी पुन्हा विषय काढला. परीक्षा संपली की फाउंडेशनची बॅच, दहावीनंतर सायन्स, मग इंजिनिअरिंग. आईने भात वाढला. मागच्या वर्षी पप्पांनी हेच सांगितलं तेव्हा मी मान हलवली होती. या वेळी मान तशीच ठेवली.

“आई, पप्पा, मला काहीतरी सांगायचंय. आधी हं म्हणा.”

“हं,” आई म्हणाली. तिला सवय आहे, ती मामाची बहीण.

पप्पांनी मोबाईल बाजूला ठेवला. “हं.”

“मागच्या वर्षी मी नुसती मान हलवली होती, ते हो नव्हतं. मी दहावीनंतर आर्ट्स घेणार आहे, आणि पुढे ताईच्याच कोर्सला जाणार आहे. आणि या सुट्टीत मी बॅचला बसणार नाही. ताईने तिचा जुना रेकॉर्डर मला दिलाय, मी मामाच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसणार आहे.”